शंभर अधिक वय एवढं बीपी नॉर्मल असतं का? दादांना काय सांगू?

पत्र: काकू नमस्कार. आमचे दादा म्हणजे वडील, वय ६४, एसटी डेपोत मेकॅनिक होते, आता कोरेगावजवळ गावी शेती बघतात. दोन वर्षांपूर्वी बीपी निघालं तेव्हापासून अ‍ॅमलोडिपिन चालू होती. मधे पायाला सूज येते, चप्पल घट्ट होते असं म्हणायचे. गणपतीला गेलो तेव्हा कळलं की गोळी कधीच बंद केलीय. विचारलं तर मोबाईल पुढं केला, त्यात फॉरवर्ड होता की पूर्वी शंभर अधिक वय एवढं बीपी नॉर्मल धरायचे, मग औषध कंपन्यांनी आकडा खाली आणला आणि सगळ्या जगाला पेशंट केलं. आता एका मित्रानं दिलेल्या सर्पगंधाच्या गोळ्या घेतात. गावात कॅम्प झाला त्यात १६८/८६ आलं तर म्हणाले "शंभर आन चौसष्ट किती झालं? चारच जास्त हाय. आन मला कुठं काय होतंय, रोज मळ्यात जातोय की." भाऊ म्हणतो नादाला लागू नको. दादा म्हणतात पुरावा दाखव. काय दाखवू? – एक लेक

अगं, पुरावा आहे आणि भरपूर आहे, सांगतेच, पण त्याआधी त्या चपलेचं बघू. तू ती ओळ जाता जाता लिहून गेलीस. मी मेडिकलच्या काउंटरमागनं बीपीचे पेशंट रोज बघते, आणि माझं मत असं की माणूस फॉरवर्ड वाचून गोळी सोडत नाही, गोळी आधी सुटते आणि मग फॉरवर्ड सापडतो. अ‍ॅमलोडिपिननं घोट्याला सूज येणं हे अगदी नेहमीचं आहे, डोस जास्त असेल तर जास्त येते. कारण एवढंच की ती गोळी बारक्या रोहिण्या सैल करते त्यामुळं पाणी पायात उतरतं, म्हणून त्यावर लघवीची गोळी घेऊनही फारसा फरक पडत नाही. डॉक्टर डोस कमी करतात, किंवा जोडीला टेल्मिसार्टनसारखी बीपीचीच दुसरी गोळी देतात त्यानं सूज बऱ्याचदा उतरते, नाहीतर गोळीच बदलून देतात. पाच मिनिटांचं काम आहे. फक्त संध्याकाळी बोट दाबलं की खड्डा पडतो हे डॉक्टरांना कुणीतरी सांगायला पाहिजे ना, आपली माणसं तेच सांगत नाहीत. सूज फार असेल, किंवा दम लागत असेल, तर मात्र ती गोळीमुळंच आहे असं घरी ठरवायचं नाही, दाखवायचं. तर दादांशी बोलताना बीपीपासून सुरू करू नको, "दादा सूज गेली का आता" असं विचार. बघ काय म्हणतात.

आता त्यांचा प्रश्न. आकडा कुणी ठरवला? मला तरी हा प्रश्न चांगलाच वाटतो. आणि फॉरवर्ड अर्धा खरा आहे, शंभर अधिक वय हा हिशोब खरंच होता, जुने डॉक्टर तसं सांगायचे. वय वाढलं की रोहिण्या ताठर होतात आणि वरचा आकडा चढतो, म्हातारपणी बऱ्याच जणांचा चढलेला असतो, म्हणून धरून चालले की असायचंच, उलट काहीजण म्हणायचे की ताठ रोहिण्यांतनं रक्त ढकलायला प्रेशर जास्त लागणारच, ते खाली आणलं तर घात होईल. ऐकायला पटतं. पण ते कुणी तपासून बघितलेलं नव्हतं.

आणि तेव्हा काय व्हायचं ते बघ. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट, दुसरं महायुद्ध चालू, १९४४ च्या मार्चमध्ये एका तरुण हार्टच्या डॉक्टरनं तपासलं तर बीपी १८६/१०८, हृदय मोठं झालेलं, दम लागत होता. त्यांचे नेहमीचे डॉक्टर कान-नाक-घशाचे, ते बाहेर सगळ्यांना तब्येत उत्तम आहे म्हणून सांगत होते. धड उतरवणारं औषध तेव्हा नव्हतंच, मीठ कमी करा, आराम करा एवढंच. १२ एप्रिल १९४५ ला डोकं दुखतंय म्हणाले आणि बेशुद्ध पडले, मेंदूत रक्तस्राव, त्यावेळी बीपी ३०० च्या वर मोजलं गेलं. गेले त्याच दिवशी. वय ६३. दादांपेक्षा एक वर्षानं लहान, आणि सगळ्या जगातले डॉक्टर हाताशी असलेला माणूस.

त्यानंतर १९४८ मध्ये तिथल्या सरकारनं फ्रॅमिंगहॅम नावाच्या एका छोट्या गावात अभ्यास सुरू केला. ५२०९ बाया-माणसं, साधारण तीस ते बासष्ट वयाची, सगळी धडधाकट, म्हणजे हार्टचं काही झालेलं नाही अशी. दर दोन वर्षांनी बोलवायचं, बीपी कोलेस्टेरॉल वजन सिगारेट सगळं लिहून ठेवायचं आणि वाट बघायची कुणाला काय होतंय. औषध द्यायचं नाही, फक्त बघायचं. त्यातनं कळलं की बीपी जास्त असणाऱ्यांना अ‍ॅटॅक आणि लकवा जास्त होतो, वरचा आकडा खालच्याइतकाच, वय वाढल्यावर तर जास्तच महत्त्वाचा आहे, आणि म्हातारपणी चढणारं बीपी सगळीकडं दिसतं म्हणून बिनधोक नसतं. हा अभ्यास अजून चालू आहे, आता त्या लोकांची नातवंडं त्यात आहेत. पुढं २००२ मध्ये असे ६१ अभ्यास एकत्र करून दहा लाख माणसांचा हिशोब मांडला तेव्हा दिसलं की चाळीस ते सत्तर वयात वरचा आकडा २० नं वाढला की लकव्यानं किंवा हार्टनं मरायचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि हे ११५ पासूनच सुरू होतं, कुठं १४० ला किंवा १६० ला अशी पायरी नाही. म्हणजे शंभर अधिक वय ही रेघ निसर्गानं काढलेली नव्हती, आपणच ओढली होती.

पण दादा मेकॅनिक आहेत, ते विचारतील की बीपी जास्त असणाऱ्याला लकवा होतो हे ठीक, पण बीपी उतरवलं की लकवा टळतो कशावरनं? बरोबर आहे. त्या काळी डॉक्टरही हेच विचारत होते. हे सिद्ध केलं एडवर्ड फ्रीस नावाच्या डॉक्टरांनी, अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत. (आपल्याकडं अपशिंगे मिलिटरीसारखी फौजींची गावं आहेत त्यामुळं माजी सैनिकांवर प्रयोग झाला म्हटलं की दादा कान देतील असं मला वाटतं.) खालचं बीपी ११५ ते १२९ असलेले १४३ जण घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एका गटाला खरी औषधं, दुसऱ्याला हुबेहूब तशीच दिसणारी पण नुसती खोटी गोळी, आणि कोण काय घेतंय हे ना पेशंटला माहीत ना तपासणाऱ्याला. १९६७ मध्ये निकाल छापून आला. दीडेक वर्षात खोट्या गोळीवाल्या ७० जणांत २७ जणांना गंभीर काहीतरी झालं, कुणाला लकवा, कुणाचं हार्ट, कुणाच्या किडन्या, काही दगावले. औषधवाल्या ७३ जणांत दोघांना. सत्तावीस आणि दोन. एवढा फरक दिसला की त्या गटाचा प्रयोग पुढं चालू ठेवणंच चुकीचं झालं असतं.

आणि आता मजा बघ. त्या खऱ्या औषधांत एक होतं रेसरपिन. हे काढलंय कशातनं तर सर्पगंधेच्या मुळातनं! दादांच्या मित्रानं दिलेलीच वनस्पती. आपल्या मुंबईतले डॉ. रुस्तम जाल वकील, त्यांनी सर्पगंधा बीपीच्या पेशंटना देऊन पद्धतशीर नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापल्या, त्यामुळं सगळ्या जगाचं लक्ष गेलं, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या कंपनीत त्यातलं रेसरपिन वेगळं काढलं. वकीलांना पुढं अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. तेव्हा दादांना चुकूनही म्हणू नको की सर्पगंधा म्हणजे थोतांड. ते औषधच आहे, आणि औषध आहे म्हणूनच ते मित्राच्या खिशातनं घ्यायचं नसतं. रेसरपिननं नाक चोंदतं, सुस्ती येते, काही लोकांचं मन फार उदास होतं, म्हणूनच पुढं चांगल्या गोळ्या आल्यावर ते मागं पडलं. मुळाच्या गोळीत ते किती उतरलंय हे कंपनीगणिक बदलणार. आणि ती घेऊनही १६८ आहे, हे दादांच्याच कॅम्पच्या चिठ्ठीवर लिहिलंय की! एक काम कर, ते घरात गप्प बसून असतात का, पूर्वीसारखं बोलतात का, झोप कशी आहे, हे आईला विचार.

दादांच्या आकड्याला तर अगदी नेमका पुरावा आहे. १६८/८६, म्हणजे वरचा चढलेला आणि खालचा नव्वदच्या आत, म्हाताऱ्या माणसांत दिसतं ते हेच, आणि "वयामानानं आहे" म्हणून सोडून द्यायचे तेही हेच. यावर शेप नावाचा अभ्यास झाला, साठीच्या पुढचे ४७३६ लोक, सगळ्यांचं वरचं १६० किंवा जास्त, खालचं ९० च्या आत. क्लोरथॅलिडोन नावाची जुनी स्वस्त लघवीची गोळी, गरज पडली तर दुसरी. १९९१ मध्ये निकाल आला. पाच वर्षांच्या हिशोबानं खोट्या गोळीवाल्या शंभरांत ८ जणांना लकवा, खऱ्या गोळीवाल्या शंभरांत ५ जणांना. बातमीत याचं "लकवा ३६ टक्क्यांनी कमी" असं होतं. दोन्ही खरं आहे, पण दादांना शंभरातले तीन असंच सांग, फुगवून सांगितलेलं त्यांना लगेच कळेल. पुढं २००८ मध्ये तर ऐंशीच्या पुढच्या ३८४५ लोकांवर प्रयोग झाला, त्यातही औषधवाल्यांत मरणाचं प्रमाण कमी निघालं. शंभर अधिक वयाचा हिशोब तिथं संपला.

राहिल्या कंपन्या. कंपन्या काही धर्मादाय संस्था नाहीत, मला कुणी शिकवायला नको, माझ्या दुकानात रोज एमआर, म्हणजे कंपन्यांची औषधं खपवणारी माणसं, येऊन बसतात. पण बीपीच्या बाबतीत मोठमोठे अभ्यास बघितले तर बरेचसे सरकारी पैशातनं झालेत, आणि त्यातल्या एकाचा निकाल कंपन्यांना बराच झोंबला असणार. ऑलहॅट नाव त्याचं. ३३ हजारांवर लोक, एकीकडं तीच जुनी क्लोरथॅलिडोन, दुसरीकडं तेव्हाच्या नव्या महाग गोळ्या अ‍ॅमलोडिपिन आणि लिसिनोप्रिल. २००२ मध्ये निकाल लागला की हार्ट अ‍ॅटॅक टाळण्यात तिन्ही सारख्याच, जुनी स्वस्त गोळी कुठंही मागं नाही, हार्ट फेल्युअर टाळण्यात तर तीच पुढं. डॉक्साझोसिन नावाची चौथी गोळी होती तिचा गट तर आधीच बंद करावा लागला. आता अ‍ॅमलोडिपिनही जुनी होऊन चांगलीच स्वस्त झालीय, चहाच्या एका कपापेक्षा रोजची गोळी स्वस्त पडते. आणि सरकारी दवाखान्यात तर फुकट. २०१७ मध्ये देशात बीपीचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला त्यात सुरुवातीच्या जिल्ह्यांमध्ये आपला सातारा होता, त्यातली पहिली पायरीच अ‍ॅमलोडिपिन, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात ही गोळी मिळते. यात कंपनी किती कमावणार सांग बरं.

एका ठिकाणी मात्र फॉरवर्डवाल्याला मी थोडे मार्क देईन. २०१५ मध्ये स्प्रिंट नावाच्या अभ्यासात ९३६१ लोकांत बघितलं की १४० च्या खाली ठेवण्यापेक्षा १२० च्या खाली ठेवलं तर काय होतं. हार्ट, लकवा वगैरे सगळं धरून २५ टक्के कमी झालं, आणि मरणाचंही प्रमाण कमी झालं, अभ्यास लवकर थांबवला. पण आकडे उघडून बघितले तर वर्षाला शंभरांत २.१९ चे १.६५ झाले. आणि जास्त उतरवलेल्या गटात चक्कर येऊन शुद्ध हरपणं, बीपी एकदम खाली जाणं, किडनीला त्रास हेही जास्त. शिवाय तिथं मशीन लावून पेशंटला शांत बसवून मोजायचे, आपल्या ओपीडीत मागं रांग उभी असताना मोजतात ते १२० आणि तिथलं १२० एक नव्हे. त्यानंतर २०१७ मध्ये अमेरिकेनं बीपीची व्याख्याच १३०/८० वर आणली, एका रात्रीत कोट्यवधी लोक पेशंट झाले, यावर डॉक्टरांमध्येच अजून वाद आहे, आपल्याकडं सर्रास १४०/९० च धरतात. तर १३२ वाल्यानं वाद घालावा, त्याला जागा आहे. १६८ वाल्याला या भांडणात कुठल्याच बाजूला जागा नाही!

"मला कुठं काय होतंय" याला उत्तर तुझ्याच घरात आहे. डेपोत असताना टायरातली हवा दादा गेज लावून बघायचे का नुसती लाथ मारून? विचार त्यांना.

आता करायचं काय. कॅम्पमधलं एक रीडिंग म्हणजे शेवटचा शब्द नाही, तिथं ऊन, गर्दी, चालत आलेला माणूस, तोंडात तंबाखूचा बार, असं मोजलं की चढलेलंच येतं. दंडावर बांधायचं ऑटोमॅटिक मशीन घे, मनगटाचं नको. दंड जाड असेल तर पट्टा मोठा मागून घे, लहान पट्ट्यानं खोटं जास्त येतं. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि तंबाखूच्या आधी, खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला टेकून, मांडीवर मांडी नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पाच मिनिटं गप्प. गप्प म्हणजे गप्प, फोनवर पण नाही. दोनदा मोजायचं मिनिटभर थांबून. संध्याकाळी परत तसंच. आठवडाभर वहीत लिहायचं, पहिला दिवस सोडून द्यायचा आणि बाकीच्यांची सरासरी काढायची. घरच्या मोजणीत १३५/८५ च्या वर सरासरी आली तर बीपी आहेच. ही वही दादांच्याच हातात दे, तू लिहू नको, मेकॅनिक माणूस आहे, स्वतः घेतलेल्या रीडिंगवर विश्वास ठेवेल. पण सरासरीची वाट बघत बसायचं नाही अशी वेळ ओळखून ठेव, १८० च्या वर परत परत येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि छातीत दाबल्यासारखं होणं, एक हात-पाय गळणं, तोंड वाकडं होणं, जीभ अडखळणं यातलं काही दिसलं तर वही बाजूला ठेवून थेट १०८. लकव्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि कोरेगावच्या आतल्या गावातनं सिटी स्कॅनपर्यंत पोचायलाच किती जातात ते तुला माहितीये.

मीठ. खर्डा, लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, वरनं जेवताना ताटात डावीकडं वाढलेलं मीठ. सगळं बंद करा म्हटलं तर काहीच बंद होणार नाही. आईला सांग खर्ड्यात मीठ निम्मं कर आणि ताटात वाढू नको, एवढ्यानं सुरुवात. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे, आपण त्याच्या दुप्पटीच्या आसपास खातो. चीनमध्ये ६०० खेड्यांत जवळजवळ २१ हजार लोकांवर अभ्यास झाला, निम्म्या गावांना नेहमीच्या मिठाऐवजी पाव हिस्सा पोटॅशियमवालं मीठ दिलं, तर लकवा १४ टक्के कमी, २०२१ ची गोष्ट. असं मीठ आपल्याकडंही मिळतं, पण किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नको, पोटॅशियम चढलं तर हार्टलाच धोका.

अजून एक, दादा गुडघ्यासाठी काही घेतात का? शेतात जाणारी माणसं सर्रास डायक्लोफिनॅकच्या गोळ्या घेतात, माझ्याकडं स्ट्रिपच्या स्ट्रिप मागतात, त्यानं बीपी चढतं आणि बीपीच्या गोळीचा असर कमी होतो. हे डॉक्टर विचारत नाहीत आणि पेशंट सांगत नाही कारण त्याच्या लेखी ते औषध नसतंच, "दुखण्याची गोळी" असते.

घरात उरलेली जुनी अ‍ॅमलोडिपिन मात्र तू मनानं चालू करायला लावू नको. वरनं सर्पगंधा चालू आहे, दोन्ही मिळून एकदम उतरलं आणि पहाटे उठताना चक्कर येऊन पडले तर जन्मभर कुठल्याच गोळीला हात लावणार नाहीत. आठवड्याची वही, सर्पगंधाची डबी, गुडघ्याची असली तर ती स्ट्रिप, जुनी चिठ्ठी, सगळं एका पिशवीत घालून डॉक्टरांकडं ने आणि टेबलावर ओत. किडनीची रक्त तपासणी, शुगर, लघवी आणि एक ईसीजी सांगतील, करून घ्या. भावाला म्हणावं वाद घालू नको, गाडी तेवढी काढ, शनिवारी सकाळी नऊच्या आत पोचलं की केंद्रात गर्दी नसते.